हरत हरत जिंकलेलं युद्ध, आमच्या न्यू जर्सीतलं

भारतातून पाहुणे आले की न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन हा दौरा ठरलेला. न्यू जर्सी म्हणजे मुक्कामापुरती आणि एडिसनला पाणीपुरी खाण्यापुरती. पण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध हातातून जवळजवळ निसटलं ते याच राज्यात आणि सावरलं तेही इथेच, म्हणून मी प्रत्येकाला ओढून ट्रेंटनला नेते.

1776च्या जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला तेव्हाच इंग्रजांची फौज न्यूयॉर्कच्या तोंडाशी येऊन ठेपत होती. बघता बघता तीस हजारांहून जास्त माणसं जमली, त्यात भाड्याने आणलेले जर्मन सैनिकही होते. जॉर्ज वॉशिंग्टनकडे शेतकरी, दुकानदार आणि ठरावीक मुदतीचे शिपाई. ऑगस्टमध्ये लाँग आयलंडवर त्यांचा सपशेल पराभव झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावच्या कोळ्यांनी एका रात्रीत सुमारे 9,000 माणसं नावांतून पलीकडे मॅनहॅटनला पोहोचवली. पहाटे धुकं पडलं नसतं, तर युद्ध तिथेच आटोपलं असतं.

नोव्हेंबरात मॅनहॅटनवरचा फोर्ट वॉशिंग्टन हा किल्ला पडला, 2,800 च्या आसपास माणसं कैद झाली आणि उरलेली फौज न्यूआर्क, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स्टन, ट्रेंटन अशी मागे हटत गेली. इथे लोकलने ऑफिसला जाणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, ही स्टेशनं त्याला तोंडपाठ असतात.

डेलावेअर नदी ओलांडताना वॉशिंग्टनने काठावरच्या मिळतील तेवढ्या होड्या पलीकडे नेल्या. इंग्रज अलीकडेच अडकले. पण बऱ्याच शिपायांची मुदत 31 डिसेंबरला संपत होती, म्हणजे नव्या वर्षात लढायला माणसंच उरणार नव्हती. म्हणून नाताळच्या रात्री 2,400 माणसं आणि 18 तोफा पुन्हा नदीतून अलीकडे आणल्या. त्या नावा एरवी लोखंड वाहायच्या: लांबलचक, सपाट बुडाच्या. त्यांच्या प्रतिकृती घेऊन दर नाताळात हा प्रसंग साकारतात, मात्र नदीला पाणी चढलं तर बेत रद्द. (खुद्द वॉशिंग्टनला ही सोय नव्हती. नदीतून बर्फाचे तुकडे वाहत होते.) सकाळी ट्रेंटनमधल्या जर्मन तुकडीवर छापा पडला आणि 900 च्या आसपास लोक हाती लागले. आठवडाभरात छावणीतल्या शेकोट्या जळत्या ठेवून फौज रात्रीतून सटकली आणि पहाटे थेट प्रिन्स्टनला जाऊन भिडली.

हे सांगितलं की आमचे सासरे खुशीत म्हणतात, "म्हणजे आपला गनिमी कावाच की!" छापे, हुलकावण्या होत्याच. पण खुद्द वॉशिंग्टनला कवायती फौज हवी होती, आणि माझ्या मते त्याचं खरं कसब लढाया जिंकण्यात नव्हतंच, त्या त्याने बऱ्याच हरल्या. फौज संपू द्यायची नाही, एवढं मात्र त्याने पाळलं. 1777च्या हिवाळ्यात मॉरिसटाउनला मुक्काम असताना त्याने सगळ्यांना देवी टोचून घ्यायला लावल्या. जेन्नरची लस यायला अजून वीस वर्षं होती. तेव्हा रोग्याच्या फोडातला पू निरोग्याच्या कातडीत चीर देऊन घालत, त्यात काही जण दगावतही. तरीही हा हुकूम मला ट्रेंटनच्या छाप्याइतकाच मोठा वाटतो. मॉरिसटाउनजवळच्या जॉकी हॉलोत नंतरच्या एका हिवाळ्यातल्या झोपड्या पुन्हा बांधून ठेवल्या आहेत. ओंडक्यांच्या भिंती, फटींत माती, आत फळ्यांचे माळे, आणि एकेका झोपडीत बारा जण. तिथे साथ शिरली असती तर?

बाकीचं काम पैशाने आणि जहाजांनी केलं. फ्रान्स आधी चोरून दारूगोळा पुरवत होता. ऑक्टोबर 1777 मध्ये साराटोगाला इंग्रजांची एक अख्खी फौज शरण आली आणि 1778 मध्ये तो उघडपणे मैदानात उतरला. पुढे स्पेन आणि हॉलंडही इंग्रजांवर उलटले. त्याच काळात इंग्रज आपल्याकडे मराठ्यांशी लढत होते. 1779च्या जानेवारीत वडगावला त्यांना नामुष्कीचा करार करावा लागला, तो याच वर्षांतला.

1781 मध्ये मोहरा व्हर्जिनियाकडे वळवायचा होता, पण हल्ला न्यूयॉर्कवर होणार असं भासवायचं होतं. फ्रेंचांनी इथल्या चॅटम गावात चक्क पाव भाजायच्या भट्ट्या बांधल्या! एवढी भटारखान्याची तयारी म्हणजे फौज इथेच राहणार, असं वाटावं म्हणून. तोवर वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाम्बो दक्षिणेला निघाले होते. सप्टेंबरात फ्रेंच आरमाराने चेसापीकच्या तोंडाशी इंग्रज आरमाराला परतवलं. व्हर्जिनियात यॉर्कटाउनला अडकलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची समुद्रातून सुटायची वाट बंद झाली आणि 19 ऑक्टोबरला त्याची फौज शरण आली. तो स्वतः आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, तलवार हाताखालच्या सेनापतीकडे दिली.

हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणला त्याने टिपूला तहावर आणलं, तेव्हा त्याच्या सोबतीला हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती. इथे शाळेत मुलं त्याची शरणागती शिकतात, आपण त्याची कायमधारा पद्धत पाठ केली होती. 1805 मध्ये तो गाझीपूरला वारला, कबरही तिथेच आहे.