आखेनमधले पहिले सहा आठवडे आणि लेटरबॉक्सवरचं नाव

30 सप्टेंबर 2023, शनिवार. मुंबई-फ्रँकफर्ट विमान, मग ट्रेनने कोलोन, तिथे गाडी बदलून आखेन, जर्मनीच्या पश्चिम टोकाचं शहर, जिथे मी शिकायला आले. स्टेशनवर उतरले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. दोन बॅगा, पाठीवर सॅक आणि पोटाशी कागदांचा फोल्डर, तो मी विमानातही वर ठेवला नव्हता. चिपळूणच्या एका ओळखीच्या ताईने दोन आठवडे तिच्या रूममध्ये झोपायला जागा देते म्हणून सांगितलेलं, ती घ्यायला आली होती. तिला बघितल्यावर मला एकदम रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, सगळी दुकानं बंद. सोमवारी उघडी, पण मी अख्खा दिवस युनिव्हर्सिटीच्या कागदांत अडकले, आणि मंगळवारी 3 ऑक्टोबर, जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी, परत सगळं बंद. ताईच्या भातावर आणि आईने दिलेल्या मेतकुटावर ते दिवस निघाले. जे कोणी विंटर सेमिस्टरला, म्हणजे ऑक्टोबरच्या सत्राला, येणार असतील त्यांनी हे लक्षात ठेवा, आणि 1 नोव्हेंबरलाही या भागात सुट्टी असते. दोन दिवसांचं खाणं बॅगेत ठेवाच.

एपीएस (आपल्या शिक्षणाच्या कागदांची तपासणी), व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) यावर सगळ्यांनी भरपूर लिहिलंय म्हणून मी ते टाळते. एवढंच सांगते की तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,208 युरो भरावे लागायचे आणि त्यातले महिन्याला 934 हातात यायचे, तेही जर्मनीत बँक खातं उघडल्यावर. बाबांनी त्यासाठी कर्ज काढलेलं, त्यामुळे तो प्रत्येक आकडा मला तोंडपाठ होता. (रक्कम आता वाढलीय, नवीन बघून घ्या.)

खरी अडचण वेगळीच होती. इथे सगळं एका पत्त्यावर अडलेलं असतं. रूम मिळाली की दोन आठवड्यांत सिटी ऑफिसला जाऊन पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्याचा कागद असेल तर माझ्या बँकेत खातं उघडणार, खातं असेल तर ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे येणार, आणि पुढे रेसिडन्स परमिटलाही तोच कागद. पण आनमेल्डुंगसाठी नुसतं अॅग्रीमेंट चालत नाही, घरमालकाने सही केलेलं एक वेगळं पत्र लागतं की ही मुलगी अमुक तारखेपासून इथे राहते. ताईच्या हॉस्टेलवर मी पाहुणी, तिथलं पत्र मिळणं शक्यच नव्हतं. म्हणजे रूम नाही तर काहीच नाही.

रूम शोधायला मी चिपळूणला असतानाच सुरुवात केलेली. साठेक मेसेज पाठवले असतील, उत्तरं आली चार. त्यातलं एक इतकं गोड होतं, मोठी रूम, स्टेशनजवळ, भाडं 250, फक्त मालक म्हणे कामासाठी दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल. मी बाबांना अकाउंट नंबर पाठवायच्या बेतात होते. ताईला सहज विचारलं तर ती फोनवर ओरडलीच, "एक पैसा पाठवू नकोस, ही फसवाफसवी आहे!" कळकळीने सांगते, रूम डोळ्यांनी बघितल्याशिवाय, नाहीतर विश्वासातल्या कोणी जाऊन बघितल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नका.

आखेनची अजून एक गंमत म्हणजे शहर संपतं तिथे नेदरलँड्स सुरू होतं. फाल्स नावाचं डच गाव आहे, आखेनच्या बसने आरामात जाता येतं. तिथे एक स्वस्त रूम मिळत होती आणि मी जवळजवळ हो म्हटलेलं. पण तिकडे राहिलं तर नोंदणी नेदरलँड्समध्ये होणार आणि आपला व्हिसा तर जर्मनीत राहण्याचा. सोडून दिली.

त्या दिवसांत एका संध्याकाळी खूप खचले होते. एका रूमच्या इंटरव्ह्यूला गेले, चहा प्यायलो, छान बोलले ते लोक आणि रात्री मेसेज, सॉरी, दुसऱ्याला दिली. सकाळी उठून गावात नुसतीच चालत सुटले आणि एलिझेनब्रुनेनपाशी आले. पांढऱ्या खांबांची लांबलचक इमारत आहे आणि आत भिंतीतल्या तोट्यांतून गरम पाणी वाहतं. जवळ जायच्या आधीच वास आला, गंधकाचा, कुजलेल्या अंड्यासारखा. आजूबाजूचे लोक नाक मुरडत होते आणि मला मात्र तुरळचं उन्हाळं आठवलं. लहानपणी आजी मला दर थंडीत संगमेश्वरकडे तुरळला न्यायची, तिथल्या गरम कुंडावर, तिचे गुडघे दुखायचे म्हणून. अगदी तोच वास. पाणी पिण्याचं नाही अशी पाटी होती म्हणून नुसता हात धरला धारेखाली, चांगलंच गरम होतं. तिथूनच घरी व्हिडिओ कॉल केला. आजी म्हणाली, "काय गो बाय, तिकडेपण उन्हाळं? मग पाय बुडव की." पाय बुडवायची सोय तिथे नव्हती, पण त्या दिवसानंतर हे शहर मला अगदीच परकं वाटलं नाही, हे खरं.

16 ऑक्टोबरला रूम मिळाली, रोटे एर्डे भागात, तिसऱ्या मजल्यावर, 340 युरो, हीटिंग धरून. एक जर्मन मुलगी, एक इराणी मुलगा आणि मी. मालकाने पत्रावर सही दिली, 24 तारखेला अपॉइंटमेंट मिळाली आणि दहा-पंधरा मिनिटांत शिक्का मारून कागद हातात. पासपोर्ट, फॉर्म आणि मालकाचं पत्र, एवढंच बघितलं. लगेच बँकेत खातं उघडलं आणि मला वाटलं आता सुटले.

इथेच घात झाला. बँकेने सांगितलेलं, कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या, ऑनलाइनचा कोड तिसऱ्या पाकिटात पोस्टाने येईल. आठवडा गेला, दहा दिवस गेले, काही नाही. खात्यात पैसे जमा झालेले पण मला ते काढता येईनात, नोव्हेंबरचं भाडं ताईने तिच्या खात्यातून भरलं, तिला मी फोरेक्स कार्डवरचे उरलेले काढून दिले. मग बँकेत गेले तर तिथला माणूस म्हणाला, तिन्ही पाकिटं परत आलीत, या पत्त्यावर या नावाचं कोणी राहत नाही.

माझ्याकडे शिक्क्याचा कागद, आणि मी तिथे राहत नाही? घरी येऊन फ्लॅटमेटला सांगितलं, तिने एकच प्रश्न विचारला, लेटरबॉक्सवर नाव लावलंयस का? मला माहीतच नव्हतं! इथे पत्त्यात सहसा फ्लॅटला नंबर नसतात. पोस्टमन बॉक्सवरचं नाव बघतो, नाव नसेल तर पत्र परत. आपल्याकडे पोस्टमन काका अख्खी आळी ओळखतात, नुसतं बाबांचं नाव लिहिलं तरी पत्र घरी येतं, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही. आणि कोणी सांगितलंही नाही, कारण इथल्या लोकांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. म्हणून मी सांगते, किल्ली हातात पडली की सामान उघडायच्या आधी बॉक्सवर आणि बेलवर नाव चिकटवा.

त्याच रात्री कागदावर नाव लिहून सेलोटेपने चिकटवलं. बॉक्स बाहेरच्या भिंतीवर, दोन दिवस पाऊस, शाई सगळी पसरली. मग इमारतीची देखभाल बघणारे काका, हाउसमाइस्टर म्हणतात त्यांना, त्यांना गाठलं. मला तेव्हा मोडकं जर्मन येत होतं. त्यांनी नाव विचारलं, मी म्हटलं सावंत, ते म्हणाले "झावांत?" कारण शब्दाच्या सुरुवातीला एस आणि त्यापुढे स्वर आला की ते झ म्हणतात. मी फोनवर एकेक अक्षर टाइप करून दाखवलं, त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं आणि दोन दिवसांनी छापलेली पट्टी दोन नावांच्या खाली सरकवून बसवली, बेलवरपण.

पाकिटं परत मागवली. 12 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, रविवार होता, खिडकीत पणती लावली आणि फ्लॅटमेटना शिरा खायला घातला. पुढच्या आठवड्यात बॉक्समध्ये माझ्या नावाचं पहिलं पत्र आलं, टॅक्स आयडीचं, ते आनमेल्डुंगनंतर आपोआप येतं. मग कार्ड, मग पिन, मग कोड. त्यानंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला 18.36 युरो, टीव्ही नसला तरी भरावी लागते, पण एका घराला एकदाच, आम्ही तिघांत 6.12 वाटून घेतो.

त्या पट्टीचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला होता. आजीला वाचता येत नाही, तिने बाबांकडून फोन लावून घेतला. "सावंत नीट लिवलानी ना गो?" मी फोटो मोठा करून परत एकदा बघितला. नीट लिहिलं होतं.