मीटर बारा दाखवतो, पण फॅनला मिळतात किती?

गाडी पुणे हायवेला काढली की टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या खाली गुमान बसून राहायचा. तीच गाडी डिसेंबरात गगनबावडा रोडला घातली की बालिंग्याच्या पुढं काटा चढायला लागलाच. माझी सासरवाडी कळ्याला, त्यामुळं हा रस्ता काही टळत नाही. साखर हंगामात तिथं काय चालतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पुढं दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याच्या पुढं बैलगाडी, आणि कुडित्र्याच्या कारखान्याकडं वळणारी रांग संपेपर्यंत पहिला-दुसरा गिअर. ओव्हरटेकचा विचार मनात आणला तर समोरून रिकाम्या ट्रॉल्या उड्या मारत येतात.

नुसत्या एवढ्या लक्षणावरून निम्मं निदान होतं. गाडी पळत असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, फॅनला फारसं काम नसतं. गाडी रांगायला लागली की सगळा भार फॅनवर येतो. म्हणून हळू चालताना तापते आणि पळवली की उतरते, तर आधी फॅनकडं बघायचं. उलटं असेल, म्हणजे हायवेला तापत असेल, तर रेडिएटर चोकअप, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप. तो विषय वेगळा.

वाटेत अडकलाच तर काचा खाली करून हीटर फुल्ल गरम आणि ब्लोअर फुल्ल करा. हीटरची कॉइल म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तेवढी उष्णता तो बाहेर काढतो. पायांना चटके बसतात, पण हेड गॅस्केट वाचतं. आणि गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. झाकणावर बहुधा ०.९ (बार) लिहिलेलं असतं, तो दाब धरला तर आतलं पाणी शंभरला न उकळता ११५ च्या पुढं जातं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ते सगळं एकदम उसळून तोंडावर.

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. शेतीपंपाच्या मोटारी भरण्यात आयुष्य चाललंय. गाडी २००१ सालची पेट्रोल हॅचबॅक, नात्यातल्याच एकाकडून घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही आणि पंचवीस वर्षांच्या वायरिंगला नावं ठेवायची आपली इच्छाही नाही.

ओळखीच्या वायरमननं बोनेट उघडलं, फॅनचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढला, मीटर लावला. १२.६ व्होल्ट. "सप्लाय ओके हाय काका, मोटर गेली." दुसरा पर्याय त्यानं लगेच दिला, "नाहीतर डायरेक्ट करून देतो की. डॅशबोर्डखाली स्विच टाकू, चालू-बंद तुमच्या हातात. कशाला डोक्याला ताप?"

उद्यमनगरात फिरणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये असे डायरेक्ट केलेले फॅन ढिगानं सापडतील. मला ते पटत नाही. एकतर स्विच चालू करायचा विसरलात की इंजिन गेलं, बंद करायचा विसरलात की सकाळी बॅटरी गेली. दुसरं म्हणजे डायरेक्ट करताना फक्त प्लसची वायर नवी टाकतात. अर्थची, म्हणजे मायनसची बॉडीला जाणारी वायर तीच जुनी. रोग तिथं असेल तर तुम्ही स्विचचे पैसे देऊन रोग आहे तसाच घरी नेता.

आणि "मोटर गेली" हे तर मी मानणारच नव्हतो. मोटर हा माझा प्रांत आहे. फॅन फिरत होता, पण मरगळल्यासारखा. आणि बोनेटखाली चांगलं तापलं की कधीकधी सुटतच नव्हता. कार्बन (करंट आत नेणारे घासते ब्रश) संपलेली मोटर अशी वागत नाही. ती बंद पडते, पातं हातानं ढकललं किंवा बॉडीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केलं की सुटते, आणि सुटली की बऱ्यापैकी जोरात फिरते. तरी खात्री म्हणून मोटर उतरवून उघडलीच. कार्बन अजून चांगले लांब होते, स्प्रिंगला ताण होता, कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात ती तांब्याची रिंग, काळवंडला होता तेवढा पॉलिश पेपरनं साफ केला, बुशला दोन थेंब तेल. दुकानातल्या बॅटरीवर जाड वायरनं जोडली तर टेबलावरून उडायला बघत होती. मोटर ठणठणीत.

मग १२.६ चं काय? ते खरंच होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. डिजिटल मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरचे सगळे पदर तुटून एक केसाएवढा पदर उरला असला, थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज बसला असला, तरी लोड नसताना मीटर पुरे बारा दाखवणार. आमच्या नदीकाठच्या पंपांची हीच तऱ्हा. पेटीत तिन्ही फेज चारशेच्या वर, शेतकरी खूश. स्टार्टर दाबला की साडेतीनशेच्या खाली, कारण लांबलचक वायर आणि मध्ये पिळून टेप मारलेले जॉइंट. मोटर घुमते, जळते, आणि दोष माझ्या वाइंडिंगचा! फरक एवढाच की तिथं व्होल्टेज पडलं की मोटर जास्त अँपिअर ओढते. गाडीचा डीसी फॅन मंद होतो आणि कमी ओढतो. म्हणून फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही, कुणाला काही कळत नाही. काटा तेवढा वर जातो.

आता सर्किट सांगतो, माझ्या गाडीचं. बॅटरीतून ३० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची (बारक्या करंटनं मोठा करंट जोडणाऱ्या स्विचची) ३० नंबरची पिन, रिले ओढला की ८७ नंबरमधून मोटरला प्लस, मोटरची काळी वायर बॉडीला अर्थ. रिलेची कॉइल ८५ आणि ८६ वर. ती कॉइल चालू होते रेडिएटरच्या खालच्या बाजूला बसवलेल्या थर्मो स्विचनं. पाणी नव्वदीच्या पुढं गेलं की स्विच आतून जोडला जातो. त्याचा कपलर काढून दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या आणि चावी ऑन केली की फॅन फिरायला पाहिजे. फिरला तर संशय स्विचवर, नाही फिरला तर पुढं. नंतरच्या गाड्यांत हा स्विच नसतो, तिथं सेन्सर वाचून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रिले चालवतो. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला की ईसीयू घाबरून फॅन स्वतःच चालू करतो, ती एक सोपी चाचणी. मात्र हात घालताना जपून. काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन सुटतो आणि तो बोटं ओळखत नाही.

माझ्या गाडीत पिना जोडल्यावर रिले 'टक' वाजला, फॅन फिरला, तोच मरगळलेला. म्हणजे स्विच आणि रिलेची कॉइल दोन्ही संशयातून बाद, भानगड जाड वायरींच्या रस्त्यावर.

इथून पुढचं काम मीटरनंच केलं, पण फॅन चालू ठेवून. इंजिन आयडलला, कपलर न काढता मागच्या बाजूनं वायरीशेजारून टाचणी सरकवायची आणि तिला मीटरची पिन लावायची. बॅटरीवर १३.८. मोटरच्या दोन टोकांत ९.४. म्हणजे ४.४ व्होल्ट वाटेत कुणीतरी खात होतं. कोण, ते शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी मोटरच्या प्लसवर ठेवली. वायर नवी असती तर इथं जवळजवळ शून्य यायला हवं होतं. आलं १.१. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी मोटरच्या काळ्या वायरीत. ३.३! बेरीज जुळली, चोराचं घर सापडलं.

काळ्या वायरीच्या मागं मागं गेलो तर ती डाव्या हेडलाइटच्या मागं एका बोल्टवर संपते. बोल्टशेजारी पत्र्यावरचा रंग टोकानं खरवडला, तिथं मीटर लावला: पत्र्यापासून बॅटरीपर्यंत फक्त ०.२. म्हणजे तीनच्या वर व्होल्ट त्या एका बोल्टखाली जळत होते. फॅन सहा अँपिअर जरी ओढत असला तरी वीसेक वॅट झाले. बोट लावलं आणि झटक्यानं मागं घेतलं, बोल्ट इस्त्रीसारखा तापला होता.

हेडलाइट उतरवला तेव्हा सगळा नजारा दिसला. एकाच बोल्टखाली चार काळ्या वायरींची थिंबलं एकावर एक दाबलेली. सगळ्यात खालचं फॅनचं. त्याच्यावर पांढरट-हिरवी पपडी, कडेला चिखलाची वाळलेली रेघ. ही गाडी २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात शाहूपुरीत उभी होती, पाणी बंपरच्या वर चढलं होतं. तेव्हा सीट काढून वाळवल्या, कार्पेट बदललं, ऑइल बदललं. या बोल्टकडं बघायचं कुणाला सुचणार? पंचगंगेचा गाळ सहा पावसाळे तिथं बसून होता. आणि सौ. कितीतरी दिवस म्हणत होत्या की डाव्या लाइटचा उजेड मध्येच उतरतो. तो उतरत होता फॅन सुरू झाल्यावर. दोघांचा अर्थ एकच. जुन्या गाडीत एक वस्तू चालू केल्यावर दुसरी मंदावली तर दोघांच्या सामाईक बोल्टकडं जा, असं मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलोय.

बॅटरीचा मायनस काढला. पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला. फॅनच्या वायरीचा काळा पडलेला भाग कापून टाकला. तांबं आतून काळं असेल तर चांगलं लागेपर्यंत मागं जायचं, हयगय नको. नवं थिंबल पंच केलं, वर स्लीव्ह. डाग (सोल्डर) द्यायचा मोह मलाही होतो, हातात रोज सोल्डरची इस्त्री असते, पण गाडीच्या थरथरीनं डाग संपतो तिथंच वायर कडक होऊन तुटते. फॅनला स्वतंत्र बोल्ट दिला, बाकीची तीन जुन्या जागी. घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी आवळायचं, मग जेली.

प्लसकडचा १.१ मुख्यतः रिलेच्या सॉकेटमध्ये होता. ८७ नंबरभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, आतली क्लिप ढिली. रिले बदलून बघणारे बरेच असतात. नवा रिलेसुद्धा त्याच ढिल्या क्लिपमध्ये बसतो आणि काही दिवसांनी तोही तापतो. लक्ष्मीपुरीतून वायरींसकट नवं सॉकेट आणलं आणि बदललं.

परत मोजलं. बॅटरीवर १३.८, मोटरवर १३.२. आवाजच बदलला. आधी कुरकुर होती, आता सुरू होताना वाऱ्याचा झोत जाणवतो, आणि मिनिट-दीड मिनिटात काटा खाली आणून स्वतःच बंद होतो.

करंटही मोजावासा वाटला तर एक सांगून ठेवतो: दुकानात मिळणारा साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, गाडीवर लावला तर शून्य दाखवेल. डीसीचा वेगळा घ्यावा लागतो. आणि मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून फॅन चालवू नका. सुटताना फॅन काही पटीनं जास्त ओढतो, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. मीटर नसेल तर हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब वायरी लावून फॅनच्या कपलरवर जोडा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. पिवळा, मेलेला पेटला तर वाटेत कुणीतरी खातंय. टेस्ट लॅम्पचा बारका बल्ब इथं कामाचा नाही, तोही मीटरसारखाच गोड बोलतो.

वायरमनला बोलावून दोन्ही आकडे दाखवले. त्यानं बोल्ट बघितला, थिंबल हातात घेऊन पपडी नखानं उकरली आणि म्हणाला, "काका, असं मोजत बसलो तर दिवसाला दोनच गाड्या व्हायच्या." त्याचंही खोटं नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं.

अजून ०.४ प्लसकडं शिल्लक आहेत. बहुतेक फ्यूजच्या पात्यापाशी असावेत, कारण फॅन थोडा वेळ चालला की फ्यूज कोमट लागतो. फ्यूज बॉक्स पूर्ण उतरवायला बॅटरीचा ट्रे काढावा लागतो आणि सध्या दुकानात शेतीचं पाणी सुरू व्हायच्या आधीच्या मोटारींची रांग लागली आहे. पावसाळ्याआधी बघतो.