कांट आणि आमची मोठमाय

एफवायबीएला फिलॉसॉफी घेतली तेव्हा घरच्यांनी एकच विचारलं, याच्यावर नोकरी लागते का. अमळनेरात राहून हा प्रश्न म्हणजे गंमतच. प्रताप शेठजींनी १९१६ साली इथेच तत्त्वज्ञान मंदिर काढलं, लांबलांबून लोक वेदान्त शिकायला यायचे, साने गुरुजीपण आधी तिथेच आलेले, शाळेत मास्तर झाले ते नंतर. आम्ही त्या रस्त्याने रोज सायकल हाणत जायचो, पण आत काय चालतं ते कधी विचारलं नाही.

तर एथिक्स, म्हणजे नीतिशास्त्र. बेंथम-मिल हे इंग्रज तत्त्वज्ञ पटकन पटले, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, लग्नाच्या पंगतीतला वाढपी तोच हिशोब करतो. अडलं ते कांट या जर्मन तत्त्वज्ञापाशी. १७९७ च्या एका निबंधात तो म्हणतो, मित्र तुमच्या घरात लपलाय आणि दारात खुनी येऊन विचारतोय कुठाय तो, तरी खोटं बोलायचं नाही. का, तर समजा तुम्ही म्हणालात घरात नाही, आणि तेवढ्यात मित्र गुपचूप मागून सटकला आणि खुन्याला बाहेर सापडून मारला गेला, तर जबाबदार तुम्ही!

सगळा वर्ग हसला, मी नाही हसलो. कारण आमच्याकडे हे घडलेलं होतं. विहिरीच्या मोटरचं कर्ज थकलेलं, वसुलीवाला दारात, मोठमाय (म्हणजे आजी) त्याला ठसक्यात म्हणाली, "त्या घरमा नहीत." आणि आबा नेमके तेव्हाच मागच्या दाराने निघाले ते चक्कीजवळ त्याच्याच फटफटीसमोर. कांटने आमची गल्ली बघितली होती की काय असं वाटलं मला. बाकी त्याला वसुलीवाला सुचला असता तर निबंध जास्त लोकांना कळला असता, हे आपलं माझं मत.

संध्याकाळी मोठमाय अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती, तिला सगळं सांगितलं, जर्मनीचा एक मोठा माणूस म्हणतो चूक तुझी होती म्हणून. तिने वांगं फिरवलं, धूर डोळ्यात गेला तसा पदर लावला.

"मंग त्याले सांग ना, हप्ता भर म्हना."

सरांना हे सांगायचं होतं, पण पुढच्या तासाला टेस्ट निघाली.