विमानाच्या आवाजाची तक्रार करायला गेले, त्याची गोष्ट

आमचं घर छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत, चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीच्या पश्चिम टोकापासून साधारण अडीच किलोमीटरवर. घरीच मी दहावीच्या गणिताची शिकवणी घेते. संध्याकाळची बॅच जरा रंगात आली की विमान येतं. आधी फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात, मग खिडकीच्या काचा थरथरतात, आणि मी हातात खडू धरून फळ्यापाशी गप्प. पायथागोरसच्या ऐन मध्यावर. बावीस पोरं छताकडं बघतात, आणि नजर खाली आली की कर्ण कुठला नि पाया कुठला हे सगळं पुसलेलं असतं.

सासूबाईंना त्याचं काही वाटत नाही. त्यांचं ते घड्याळ आहे. "मुंबईचं आलं बघ, दूध तापायला ठेव." मात्र एखादं विमान रोजच्यापेक्षा खाली वाटलं की त्यांचा निवडता हात थांबतो. २६ एप्रिल १९९३ ला इथून उडालेलं विमान धावपट्टीच्या पुढच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं होतं. ५५ माणसं गेली. या भागातल्या जुन्या माणसांच्या कानातून ते गेलेलं नाही.

माझं डोकं फिरलं ते मागच्या हिवाळ्यात. रात्री साडेदहाच्या पुढं एक विमान यायला लागलं आणि त्याच सुमारास लेक तीन महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आलेली. बाळ दहाला झोपायचं, साडेदहाला उठायचं, मग एकपर्यंत आम्ही तिघी आळीपाळीनं झुलवायचो. तिसऱ्या रात्री मी अर्ज लिहायला बसले.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मला माहीत होते. गणपतीत दरवर्षी पेपरात छापून येतात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५. तेच ठसक्यात लिहून एका सरकारी कार्यालयात नेऊन दिलं, पोच घेतली. दोन महिने काहीच नाही. विचारायला गेले तर तिथले बाबू अर्ज वरखाली वाचून म्हणाले, "ताई, हे डीजेचं झालं. विमानाचं वेगळं असतंय." वेगळं कुठं असतंय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरी आले तर सासूबाई, "कामून उगं कागद रंगवायलीस?"

पण बाबूंचं खरं निघालं. विमानतळाच्या परिसरासाठी केंद्रानं जून २०१८ मध्ये स्वतंत्र मापदंड काढलेत. वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या गजबजलेल्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५, बाकीच्यांना दिवसा ६५ आणि रात्री ६०. ५०,००० म्हणजे रोजची १३७. आपण त्याच्या आसपासही नाही, म्हणजे आपल्याला ६५ आणि ६०. हे वाचून मला आनंदच झाला, कारण भाच्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आणलेल्या मीटरवर आमच्या गच्चीत विमान ८२-८३ दाखवत होतं. पकडला चोर, असं वाटलं.

मग माहितीचा अधिकार. ऑनलाइन अर्ज, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. पहिल्या अर्जात मी पाच प्रश्न घातले आणि पाचही 'का'नं सुरू होणारे. आमच्याच डोक्यावरून का, रात्रीच का. उत्तर सभ्य भाषेत आलं, त्यात हाती लागण्यासारखं काही नव्हतं. चूक माझीच होती. या कायद्यानं असलेला कागद मागता येतो, नसलेलं स्पष्टीकरण नाही. कुणी लिहिणार असाल तर 'अमुकची प्रत द्यावी' अशीच वाक्यं करा. दुसऱ्यांदा मी आवाज कमी ठेवण्याच्या कार्यपद्धतीची प्रत मागितली, तेव्हा कळलं की त्यासाठी अर्जाची गरजच नव्हती. वैमानिकांसाठी देशातल्या विमानतळांची अधिकृत माहिती छापतात, तिला एआयपी म्हणतात. ती इंटरनेटवर उघडी आहे. प्रत्येक विमानतळाच्या माहितीत एडी २.२१ हा रकाना फक्त आवाजाच्या कार्यपद्धतीसाठी राखलेला असतो. त्यातला मजकूर वेळोवेळी बदलू शकतो, तेव्हा ज्याचा त्यानं आपल्या विमानतळाचं ताजं पान बघावं.

तो सगळा मजकूर मला एकटीला कळणारा नव्हता. नशिबानं माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा हवाई वाहतूक नियंत्रणातून निवृत्त झालेले. एका रविवारी ते काका गच्चीवर चहाला आले. मी मीटर दाखवला, ८३ दाखवले, ६५ चा कागद दाखवला. त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही गणित शिकवता ना? मग हा लेक्यू कसा काढतात ते बघितलं का?"

नव्हतं बघितलं. आणि इथंच माझी केस पडली.

लेक्यू म्हणजे सरासरी आवाज. ६५ हा एका विमानाचा आकडा नाही. सकाळी ६ ते रात्री १० या सोळा तासांच्या सगळ्या आवाजाची ती सरासरी आहे, तीही डेसिबलच्या आकड्यांची नाही, आवाजातल्या ऊर्जेची. एक विमान जाताना जेवढी ऊर्जा कानावर येते ती सगळी एका सेकंदात कोंबली, तर आमच्या गच्चीवर ती साधारण ९० डेसिबल भरत होती. आता ती ५७,६०० सेकंदांवर पसरा. लॉगॅरिथमनं हिशेब केला की ४७.६ वजा होतात. पोरांनी आठवडाभर वही ठेवली होती, डोक्यावरून जाणारी विमानं दिवसाला जास्तीत जास्त दहा. दहापट म्हणजे १० डेसिबल वाढले. एकूण ५२.४. मर्यादा ६५. मर्यादा गाठायला दिवसाला १८२ विमानं जावी लागतील.

रात्रीचं तर त्याहून. आठ तासांचे २८,८०० सेकंद, एक विमान, सरासरी ४५.४. मर्यादा ६०. बाळ उठवणाऱ्या त्या एका विमानासारखी आणखी सत्तावीस गेली तरी कागदावर सगळं ठीक. (डीजेवाल्या ४५ ला मात्र ते एकच विमान पुरेसं होतं.) आणि काचा थरथरतात त्याचं काय? मीटर 'ए' पट्टीवर मोजतो. आपल्या कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो म्हणून ही पट्टी तो कमी धरते. पेले किणकिणवणारा जो घुमा आवाज असतो, तो आकड्यात जवळजवळ येतच नाही.

मी वही मिटली. काका म्हणाले, "नियम चुकीचा नाही मॅडम. तुमचं दुखणं तो मोजतच नाही."

मग मी मनातलं विचारून घेतलं. शहर पश्चिमेला, पूर्वेला त्या मानानं मोकळं. सगळी विमानं पूर्वेकडूनच उतरवा आणि पूर्वेकडंच उडवा, काय बिघडतं? काकांनी फडक्यावर वाळत घातलेल्या कुरडयांकडं बोट केलं. फडक्याचं एक टोक वाऱ्यानं उचललेलं होतं. "आधी हे बघायचं." विमान वाऱ्याला तोंड करून उतरतं आणि उडतं. केवळ आवाजासाठी धावपट्टीचं टोक निवडायचं तर जागतिक संकेत असा, की पाठीमागचा वारा ५ नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण ९ किलोमीटरच्या वर नको, आडवा १५ नॉटच्या वर नको, आणि धावपट्टीवर पाणी असेल तर विचारच नको. पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेचा आणि धावपट्टी ओली. म्हणून आषाढ-श्रावणात आमच्या डोक्यावरून उड्डाणं, आणि हिवाळ्यात वारा फिरला की उतरणं. पोरांच्या वहीत उतरणं तेवढी होती, कारण आम्ही नोंद केली ती माघात. उतरताना विमान तीन अंशांच्या उतारानं येतं, दर किलोमीटरला ५२ मीटर खाली. आमच्या गच्चीवर ते दीडशे मीटरवर असतं. त्यात वैमानिकाला करण्यासारखं फार उरत नाही.

उड्डाणात मात्र दोन तऱ्हा आहेत. पहिलीत ८०० फूट किंवा त्याच्या वर गेल्यावर इंजिनाचा जोर कमी करतात, पण पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) तसेच ठेवून ३,००० फुटांपर्यंत नुसतं चढत राहतात, वेग नंतर. त्यात विमानतळाला चिकटून राहणाऱ्यांना आराम. दुसरीत ८०० फुटांनंतर लगेच वेग घेत फ्लॅप मिटत जातात, त्यात लांबच्यांना आराम. म्हणजे आमचा आवाज कमी केला तर तो पुढच्या कुणाच्या तरी वाट्याला जातो. हे ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

तक्रार मी मागं घेतली नाही, बदलली. नव्या पत्रात डेसिबल काढून टाकले. रात्री दहानंतरचं विमान पुढच्या वेळापत्रकात अलीकडं घेता येईल का, एवढंच विचारलं. विमानांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा पत्र त्याच्या बरंच आधी गेलं पाहिजे, हा काकांचा सल्ला. खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावून घेतल्या. पेले फडताळात पालथे घालून मध्ये जुने रुमाल कोंबले.

एप्रिलपासून ते विमान पावणेदहाला येतं. माझ्या पत्रामुळं आलं असं मला वाटत नाही. उत्तर आलेलं नाही, आणि कंपन्या आपल्या सोयीनंच वेळा हलवतात. पण सासूबाईंनी "आमच्या सुनेनं विमान हलवलं" असं गल्लीभर सांगून टाकलंय. आता आठवड्याला एक-दोघं अर्ज लिहून घ्यायला येतात, मागच्या मंगल कार्यालयातल्या डीजेचा. तिथं ५५ आणि ४५ च लागतात, त्यामुळं माझा जुना मसुदा जवळजवळ जसाच्या तसा चालतोय.