मशीन कानात, तरी पंगतीत काही समजत नाही

कालवलेले आवाज सुटे करणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलवर मी काम करतो, असं कळलं की अमळनेर-चोपड्याकडच्या लग्नात एखादे आबा हमखास बाजूला घेतात: "भाऊ, कानमा मशीन शे, तरी पंगतमा काही समजत नही. आसं का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

मशीन आवाज मोठा करतं. अडचण वेगळीच आहे. बॅन्ड, वाढप्यांची आरडाओरड, शेजारच्या मामांचं बोलणं, सगळं हवेतच मिसळतं आणि कानाच्या पडद्यावर एकच थरथर पोहोचते. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात साधारण 35 मिलिमीटरची पट्टी असते. तिच्या एका टोकाला बारीक सूर उमटतात, दुसऱ्या टोकाला जाड, म्हणजे आवाजाचे सुरासुरानं तुकडे पडतात. पुढचं काम मेंदूचं: कुठला तुकडा कुणाचा? मामांचा सूर 120 हर्ट्झचा असेल, तर 240, 360, 480 वरही त्यांचेच तुकडे सापडतात. एकाच वेळी सुरू होणारे तुकडे बहुधा एकाचेच. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो, फार तर 0.7 मिलिसेकंदानं, मेंदूला तेवढं पुरतं. ही गटबाजी (लग्नात ती असतेच म्हणा) मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी 1990 साली सविस्तर मांडली.

कॉम्प्युटरला आम्ही हेच करायला लावतो. फिल्टरनं आवाजाचे पट्टे पाडायचे, पट्ट्यांचे काही मिलिसेकंदांचे चौकोन करायचे, ज्यात मामा वरचढ ते ठेवायचे, बाकीचे पुसायचे. इतकं फाटकं बोलणंही माणसाला समजतं, याचं मला अजून नवल वाटतं. पूर्वी नियम हातानं लिहीत. आता न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, मुद्दाम मिसळलेल्या रेकॉर्डिंगवरून शिकतं. ती रेकॉर्डिंग बहुतेक इंग्रजी. बॅन्डसमोरची अहिराणी त्यात कुठून येणार?

आता आबांचं. शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजल्या की कान आवाजाचे जे पट्टे पाडतो ते रुंद होतात, शेजारचे सूर एकमेकांत सांडतात. मोठं करून ते सुटे होत नाहीत. मॉडेल मशीनमध्ये घालावं तर बॅटरी एवढीशी, आणि उत्तर काही मिलिसेकंदांत हवं. नाहीतर आबांना स्वतःचंच बोलणं उशिरानं ऐकू येईल.

आणि हेही जमलं, तरी आबांना ऐकायचंय कुणाला? समोरच्या व्याह्यांना, की मागे भावकीत चाललेल्या वाटणीच्या कुजबुजीला? ते मशीनला कोण सांगणार? तोवर मी त्यांना एवढंच म्हणतो: बॅन्डकडे पाठ करा आणि ज्याच्याशी बोलायचं, त्याच्या तोंडासमोर बसा.