खेड्यात गाण्याचा क्लास चालतो का?

"मॅडम, खेड्यात गाण्याचा क्लास चालतो का जी? लोक खरंच फी देतात?" हा प्रश्न मला आरमोरीहून येतो, लाखांदूरहून येतो, सिंदेवाहीहून येतो. विचारणारा बहुतेक नुकताच संगीताची विशारद परीक्षा पास झालेला असतो. घरचे शिक्षकभरतीकडे डोळे लावून बसलेले, आणि एखादा मित्र नागपूरला चल म्हणून मागे लागलेला. ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या एका गावात माझा क्लास आहे आणि त्यावर माझं घर चालतं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

हो, देतात. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात, कलेला पैसे मिळत नाहीत असं ज्याला वाटतं त्याने दिवाळीनंतर इकडे यावं. वडशाच्या नाटक कंपन्या तेव्हापासून उन्हाळा लागेपर्यंत या गावातून त्या गावात फिरत असतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं, आणि दिवसभर शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, उभा राहिलेला माणूसही तिकीट काढून बसतो. ऑर्गनवाल्याचं, तबलेवाल्याचं मानधन आधीच ठरलेलं असतं. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. म्हणजे इथल्या माणसाला कलेसाठी खिशात हात घालायची सवय आहे. शिकण्यासाठी घालायची सवय नाही, कारण इथलं शिकणं भजनात बसून झालं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीमागे विदर्भात गावोगाव भजन मंडळं उभी राहिली. त्यात बसता बसता ठेका कळायचा, पेटीवर बोटं फिरायला लागायची. तिथे कोणी कोणाला पैसे मागितले नाहीत, मागायचेही नसतात. मी आजही सामुदायिक प्रार्थनेला पेटीवर बसते. ती सेवा आहे आणि क्लास हे माझं काम आहे. हा फरक एकदा तुमच्या मनात पक्का झाला की गावालाही तो समजावून सांगावा लागत नाही.

खरी अडचण मला दुसरीकडेच दिसते. तुमच्यातले बरेच जण ओळख करून देताना म्हणतात, "नोकरीचं बघतोय, तोवर क्लास घेतो." हे आईबाप ऐकतात आणि लक्षात ठेवतात. गावाने असे क्लास पाहिलेत. पावसाळ्यात सुरू झाले, पोळ्यापर्यंत पोरांनी खोली भरली, दिवाळीनंतर मास्तर नाटकाबरोबर गेले आणि संक्रांतीला खोलीला कुलूप. पुढचा कोणी आला की लोक आधी हा टिकतो का ते बघतात. फी देताना हात आखडतो तो पुष्कळदा या शंकेने. म्हणून बोर्ड असो, कपडे असोत, पावती असो की मोबाइलवरचा फोटो, त्यातून लोकांना एवढं दिसलं पाहिजे की ही बाई पुढच्या वर्षीही इथेच असणार आहे.

त्यात पहिली गोष्ट वेळेची. पाचचा वर्ग म्हणजे पाचला तानपुरा सुरू असायला हवा, पोरं दोन असोत की वीस. वीज गेली तर मोबाइलवरचा तानपुरा चालतो, फक्त तो चार्ज असावा लागतो. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत पोरं कमी येतात, मोठी मुलं तर बांधीत, धानाच्या शेतातच असतात. तरी मी दार उघडून बसते. जी दोन येतात त्यांचा त्या पंधरवड्यात आवाज सुधारतो, आणि ते बाकीच्यांच्या घरी कळतंच. नाटकात वाजवायला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तिथे हात तयार होतो, पैसाही बरा मिळतो. पण कोणत्या दिवशी वर्ग नसेल हे महिन्याच्या सुरुवातीला कागदावर लावा आणि तो कागद पाळा.

बोर्डावर नाव, शिक्षण, विषय, वार आणि वेळ एवढंच लिहा. नावामागे स्वर-काहीतरी अशी बिरुदं लावू नका. ज्याला गाणं कळतं तो नाराज होतो आणि ज्याला कळत नाही त्याला तुम्ही परके वाटता. कपडे स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखे असले की पुरे. मुलांचे गातानाचे फोटो स्टेटसला ठेवायचे तर घरी विचारून ठेवा. मुलींच्या बाबतीत तर विचारलंच पाहिजे.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा गवयाला दरबारात आश्रय होता, समाजात मात्र मान नव्हता. त्यांनी अभ्यासक्रम आखला, पुस्तकं छापली, शिकवणारे तयार केले, आणि चांगल्या घरातली मुलं शिकायला येऊ लागली. रागदारी तीच होती, तिच्याभोवती शिस्त आली आणि लोकांची नजर बदलली. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीलाही हे लागू आहे असं मी मनापासून मानते.

आता फी. पहिल्याच दिवशी पालकांना एक कागद द्या. महिन्याची रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, सुट्टीचे दिवस, गैरहजेरीची कपात नाही. पैसे घेतले की पावती फाडा, शंभर रुपये असले तरी. समजा महिना चारशे रुपये धरले आणि पंचवीस मुलं असली तर दहा हजार होतात. त्यात खोलीचं भाडं, पेटीची डागडुजी, तबल्याची शाई हे सगळं. हा हिशेब आधी स्वतः मांडून बघा, म्हणजे रक्कम सांगताना जीभ अडखळणार नाही. आमच्याकडे घरात पैसा दर महिन्याला येत नाही. धान खरेदी केंद्रावर जातो आणि त्याचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, मिळायला कधी संक्रांतही उजाडते. "धानाचे पैसे आले का देतो जी मॅडम," असं बाप सांगतो तेव्हा तो टाळत नसतो. म्हणून मी वर्षाचे दोन हप्तेही ठेवलेत, एक शाळा सुरू होताना लहान आणि एक चुकाऱ्यानंतर मोठा. ज्यांना तेही शक्य नाही त्यांची मुलं फीशिवाय शिकतात, पण नियम तेच, वही तीच. कोणाची फी माफ आहे हे मी वर्गात कधीच कळू देत नाही. गरीब घरातल्या पोराचा मान सांभाळणं हेही शिक्षकाचंच काम आहे.

पालक परीक्षेचं हमखास विचारतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत जातात, आणि दहावीला शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळतात हे आता गावातही माहीत झालंय. खरी माहिती द्या, फॉर्म वेळेवर भरा, पण गुणांच्या नावावर क्लास विकू नका. गुणांसाठी आलेलं मूल दहावीनंतर पेटीला हात लावत नाही. त्यापेक्षा त्याचा आवाज नीट ओळखा. आपल्याकडे भजनात सगळे पुरुषांच्या पट्टीत गातात, आणि काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, लहान मुलींचा आवाज खाली घुसमटतो, नाहीतर वरच्या सप्तकात ओरडून फाटतो. तिला काळी चार, काळी पाच देऊन बघा. आई दारात थांबून ऐकते आणि तिला फरक कळतो. माझ्या क्लासची जाहिरात त्या दारातून जितकी झाली तितकी कोणत्याही पत्रकाने केली नाही.

त्याच आया पुढे स्वतः आल्या. दुपारी दोन ते चार, शेतीची कामं नसतात त्या महिन्यांत, महिला भजन मंडळाचा वर्ग भरतो. आधी त्या लाजायच्या, आता बचत गटातून स्वतःची पेटी घ्यायचं बोलतात. तुमच्या गावातही अशा बाया असतील. त्यांच्यासाठी वेळ ठेवा. मुलं दहावी-बारावीनंतर शहरात जातात, या बाया गावातच असतात.

राहिलं नागपूरचं. तिथे विद्यार्थी जास्त, तसे शिकवणारेही जास्त, आणि खोलीचं भाडं तुमच्या अर्ध्या फीएवढं. जायचं तर जा, मी अडवणार नाही. इथे राहायचं ठरवलंत तर पूर्ण तीन वर्षं धरून ठरवा आणि तयारी मेमध्येच करा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याआधी बोर्ड लागलेला असावा आणि मुख्याध्यापकांना भेटून झालेलं असावं. पेटीचे सूर लावून घ्यायचे असतील तर तेही तेव्हाच, कारण एकदा गणपती जवळ आले की कारागिराकडे रांग लागते.