आमची वाटचाल : अकरा सेंटिमीटर पाणी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचा गाळा शोधायचा तर पत्ता विचारू नका, जळक्या वार्निशचा वास घेत या. तो वास शेजारच्या रिवाइंडिंगवाल्यांचा, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरणाऱ्यांचा. त्यांच्या भिंतीला भिंत लावून दहा बाय अठराची जागा, आत वडिलांनी घेतलेला राजकोटचा सहा फुटी लेथ, एक बेंच ड्रिल आणि ग्राइंडर. वडिलांच्या वेळी ऑइल इंजिनच्या बुशा आणि पंपाचे शाफ्ट निघायचे. आज रिमोटवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक बोटींच्या ब्रशलेस मोटरला पाण्याचं जॅकेट (मोटरवर चढवायची ॲल्युमिनियमची बाही, आतून पाणी फिरून मोटर गार ठेवते) म्हटलं की ज्यांना हा नाद आहे ते आमच्याकडं फोन करतात. हे एका दिवसात झालेलं नाही, आणि मध्ये एकदा सगळं जवळजवळ गेलं होतं.

सुरुवात सांगलीच्या पोस्टमास्तरांपासून. निवृत्त माणूस, शर्यतीच्या बोटींचं वेड. एक दिवस रुमालात गुंडाळून ३६ मिलीमीटर व्यासाची मोटर घेऊन आले. ‘मालक, बाहेरून आणलेलं जॅकेट गळतंय. खाच नीट करून द्याल का?’ एवढीशी मोटर! मी म्हटलं, खेळण्यातली. त्यांनी हिशेब सांगितला : दोन हजार केव्ही म्हणजे व्होल्टमागं दोन हजार फेरे, चार सेलची बॅटरी १४.८ व्होल्टची, म्हणजे भार नसताना मिनिटाला २९,६०० फेरे. आमचा लेथ बाराशेच्या वर नेला की गाळा हलतो.

३६ ची मोटर म्हणतात, पण कॅन, म्हणजे मोटरचं बाहेरचं कवच, कधी ३५.९ भरतो, कधी ३६.१. म्हणून आम्ही आजही आधी मोटर मागवतो, मग बोअर करतो. फिनिशिंगचा शेवटचा कट हातानं धार लावलेल्या एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलनं आणि रॉकेलवर, नाहीतर ॲल्युमिनियम टूलला चिकटतं आणि ओरखडे उठतात. ओरखडा उठला की तिथून पाणी आलंच. पाणी अडवणाऱ्या दोन मिलीच्या रबरी ओ-रिंगला खाच साधारण १.६ ची. खोल गेली तर रिंग दबत नाही, उथळ राहिली तर चढवताना कापते. पोस्टमास्तरांचं ते पहिलं जॅकेट तीनदा केलं. पैसे एकदाचेच घेतले.

उष्णता म्हणजे काय ते मला शेजारच्या वाइंडरमामांनी शिकवलं. पन्नास वर्षं विहिरीच्या मोटरी भरलेला माणूस. ते म्हणायचे, ‘करंट दुप्पट झाला की तांबं चौपट तापतंय, आणि तापलेलं तांबं आणखी अडतंय.’ तांब्याचा रोध दर अंशाला जवळजवळ ०.४ टक्के वाढतो, शंभर अंशांवर गेली की थंड मोटरीपेक्षा तीसेक टक्के जास्त, हे मी नंतर वाचलं. मामांना ते बोटांना कळत होतं.

२०१२ ते २०१८ मध्ये काय झालं? काम झालं. मुलगी दहावी झाली, गाळ्यावर नवीन पत्रा पडला. पुढं जाऊ.

२०१९ च्या सुरुवातीला एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडून अठ्ठेचाळीस जॅकेटची ऑर्डर आली. धरणातला गाळ मोजायला सोनार (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) लावलेल्या बिनमाणसांच्या बोटी ते बनवत होते. आमच्यासाठी अठ्ठेचाळीस म्हणजे सहा महिन्यांचं काम. मी कर्ज काढून ॲल्युमिनियमचे ६०६१ जातीचे रॉड उचलले. ऑगस्टात पंचगंगेचा महापूर आला, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, माल अडकला, तरी रात्री जागून वेळेत दिला. दोन महिन्यांनी फोन : ‘तुमच्या जॅकेटमुळं मोटरी जळतायत.’ एकवीस मोटरी. पैसे थांबवले. वर जिथं जिथं आमची ओळख होती तिथं सांगून झालं की कोल्हापूरचा माल घेऊ नका.

मी स्वतःच्या पैशानं गेलो. त्यांचा इंजिनिअर पोरगा टेंपरेचर गन दाखवत होता : ‘अडतीस अंश, अंकल. मोटर गार आहे, मग जळते कशी?’ ती गन तो चकचकीत ॲल्युमिनियमवर मारत होता. चकचकीत धातूवर ती खोटं बोलते. खिशात काळी इन्सुलेशन टेप होती, तुकडा चिकटवला, दोन मिनिटं थांबून त्याच जागी मारायला लावलं. एकाहत्तर. बाहेरून एकाहत्तर म्हणजे आत वाइंडिंग कुठं असेल ते देवाला ठाऊक. त्या पोरानं गन उलटीसुलटी करून बघितली, बोलला काही नाही.

दोन जळक्या मोटरी मागून घेतल्या. मामांनी सोलून बाकावर ठेवल्या. ‘तिन्ही फेज सारखेच काळे. एकच फेज जळला असता तर जोडणी बघितली असती. ही ओव्हरलोडनं गेली.’ बोट ढकलणारा पंखा किती मिलीचा? मी फोन करून विचारलं. आम्हाला दिलेल्या ड्रॉइंगवर चाळीस होता. बोटीवर सोनार, जास्तीची बॅटरी, कसलीशी पेटी चढल्यावर ओढ कमी पडली म्हणून त्यांनी पंचेचाळीसचा लावला होता. न सांगता. पाच मिली! पण तेवढ्याच फेऱ्यांवर पंख्याचा भार व्यासाच्या पाचव्या घातानं जातो. म्हणजे १.८ पट.

इथवर मी निर्दोष. पुढचं सांगायला आजही जड जातं.

एवढा भार आला तरी जॅकेटनं थोडं सावरायला हवं होतं. दाजींच्या शेततळ्यावर तसलीच बोट नेली, माणूस काठाकाठानं चालेल त्या वेगानं सोडली. जॅकेटचं पाणी बाहेर पडायच्या निपलमधून (नळी जोडायच्या तोटीतून) पिचकारी सोडा, थेंब थेंब. मग डोक्यात उजेड पडला. शर्यतीच्या बोटीत सुकाणूजवळच्या नळीत पाणी वेगानं घुसतं आणि तेच जॅकेटात जातं. सेकंदाला पंधरा मीटर धावणारी बोट पाणी अकरा मीटरवर चढवेल एवढा दाब देते. गाळ मोजणारी बोट सेकंदाला दीड मीटरनं जाते. वेग दहा पट कमी, दाब शंभर पट कमी. अकरा सेंटिमीटर! त्यातच नळीचं घर्षण, ईएससीचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीचं) वळण आणि जॅकेट. शिवाय आम्ही दोन्ही निपल एकाच बाजूला भोकं पाडून बसवले होते, ड्रिलच्या जिगला (भोकाची जागा धरणाऱ्या साच्याला) सोपं पडतं म्हणून. मोटर निपल खाली करून बसवली की जॅकेटच्या वरच्या अर्ध्यात हवा कोंडते आणि पाणी खालच्या खाली निघून जातं. हा माझा आळस होता. मी शर्यतीचं जॅकेट सर्व्हेच्या बोटीला विकलं आणि वेग किती, हा एक प्रश्न विचारला नाही.

उपाय साधा होता : बारा व्होल्टचा छोटा पंप, एक निपल तळाला, एक माथ्याला, आणि चाळीसचा पंखा परत. शेततळ्यावर अर्धा तास चालवून टेपवर त्रेचाळीस आले. सगळं लिहून त्यांना पाठवलं, माझी चूकही लिहिली. त्या कागदातलं माझी चूक एवढंच त्यांनी उचललं. पैसे आजतागायत नाहीत. पुढं दुसऱ्याकडून जॅकेट घेतली, आणि ऐकतो की त्यांच्या बोटीत आता पंप असतो. असू दे.

त्या हिवाळ्यात लेथ विकायला काढला होता. गिऱ्हाईक येऊन चक फिरवून गेलं. त्याच आठवड्यात पोस्टमास्तर सांगलीहून एसटीनं आले, सहा जॅकेटचे पैसे आगाऊ ठेवले आणि म्हणाले, ‘घाई नाही.’ त्यांच्याकडं बोटी तीन. सहा कशाला, मी विचारलं नाही.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. जॅकेट घेण्याआधी पंखा दोन मिलीनं लहान करून बघा, फुकटात काम होतं. फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे मोटरचे फेरे पंख्याला नेणारा लवचिक दांडा, भार आला की आखडतो, म्हणून ड्राइव्ह डॉग (पंखा अडकवायचा तुकडा) आणि स्ट्रट (शाफ्टचा आधार) यांच्यामध्ये दोन-तीन मिली फट सोडा, नाहीतर घासून मोटरवर भार येतो आणि शिव्या जॅकेटला बसतात. बोट काठाला आली की लगेच हात लावून ‘गार आहे’ म्हणू नका. पाणी थांबल्यावर आतली ऊब बाहेर येते, दोन मिनिटांनी मोजा. साध्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंशांच्या आसपास. त्यावर गेला की तो कायमचा कमजोर होतो, मग मोटर रिकामी जास्त फिरते आणि करंट जास्त खाते. तेव्हा मोटर आधीपेक्षा जास्त घोंगावतेय म्हणून खूश होऊ नका. खाडीत चालवली तर गोड्या पाण्यानं जॅकेट धुवा, पितळी निपलभोवती ॲल्युमिनियम खाल्लं जातं. जलपर्णीच्या तळ्यात नळीच्या तोंडाला जाळी लावा, पण बारीक नको, तीच तुंबते.

मामा आता दुकानात बसत नाहीत, मुलगा बसतो. जळकी मोटर आली की तो सोलतो आणि मामांकडं घरी नेतो. मामा चष्मा न लावता नाकाशी धरतात.

परत आलेल्या अठ्ठेचाळीसपैकी एकतीस जॅकेटांना वरून नवीन भोक पाडून विकली. सतरा लेथच्या वरच्या फळीवर आहेत. नवीन ऑर्डरचा फोन आला की माझी नजर आपोआप तिकडं जाते आणि पहिला प्रश्न तोंडातून निघतो : बोट किती वेगानं जाते?